मेदेआचा रथ एकदाचा गिरक्या घ्यायचा थांबला

थांबला! युरिपिडीसच्या ‘मेदेआ’ या प्राचीन ग्रीक नाटकाच्या रंगमंचाचं छोटं मॉडेल चाललंय. त्यातल्या मेखानेवर, म्हणजे पात्रांना हवेत उचलणाऱ्या क्रेनवर, मागच्या नोंदीत चडफडून झालं होतं, म्हणून ही बातमी आधी.

१:५०चं लाकडी स्केने (रंगमंचामागची इमारत) उभं आहे, १५ जणांचा कोरसही (गाणारा-नाचणारा ताफा) रंगवून झाला. तीन शून्य नंबरच्या ब्रशने एवढ्याशा मुखवट्यांवर उघडी तोंडं काढताना डोळे गेले, पण पॅरोडॉसमधून, म्हणजे बाजूच्या वाटेने, ती रांग आत शिरताना काय दिसते! अडलं होतं ते क्रेनवरच. रथ छताच्या वर यायचा आणि सावकाश गिरकी घ्यायचा. दगाबाज नवऱ्याला, जेसनला सुनवायची वेळ आणि बाई प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या.

शिवणाचा दोरा मुळातच पिळाचा, वजन पडलं की उलगडतो. मध्ये गळाचं स्विव्हल (फिरती कडी) घातलं तर रथाला फिरायला रानच मोकळं. विणीची मासेमारीची दोरी बरी निघाली, तिला पीळ नसतो. पण पंख्याच्या वाऱ्याने तीही हलायची. शेवटी एकाऐवजी दोन दोऱ्या घेतल्या. वर छोटी आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांतून रथाच्या दोन बाजूंना. आता वळायचं तर रथाला किंचित वर उचललं जावं लागतं, त्यामुळे वजनच त्याला जागेवर आणतं. झोका अजून जातो, पण तोंड फिरत नाही.

क्रेनच्या दांडीसाठी बाल्साचं हलकं लाकूड कशाला डोक्यावर घेतात कळत नाही. एवढ्या लांबीला बांबूची कामटीच हवी. ऑनलाइन मागवलेल्या पितळी पुल्यांची भोकं मध्यावर नव्हती. त्याऐवजी शिलाई मशीनची बॉबिन लावा, सुरेख फिरते. ॲरिस्टोफेनिसच्या ‘शांती’ या विनोदी नाटकात (इ.स.पू. ४२१) शेणकिड्यावर बसून उडणारा ट्रिगायॉस क्रेनवाल्याला जपून चालव म्हणून विनवतो. आता कळतं का ते.

पुढे ठरलं होतं एक्किक्लेमाचं: आत काय घडलं ते दाखवायला दार उघडून चाकांचा पाट बाहेर सरकवायचा. पण नाटकाचा शेवट पुन्हा वाचला आणि बेत फिरला. जेसन दार उघडा म्हणून ओरडतो. आत मेदेआने मारलेल्या दोघांच्या मुलांची प्रेतं. आता पाट बाहेर येणार असंच प्रेक्षकाला वाटणार, तर मेदेआ वर, आजोबा हेलिऑसच्या रथात, प्रेतं तिच्याचजवळ! ॲरिस्टॉटलला हा यंत्राचा शेवट पटला नाही. मला पटतो: एका यंत्राची हूल देऊन दुसरं काढलंय. इ.स.पू. ४३१च्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीसला तिसरा, म्हणजे शेवटचा नंबर मिळाला, हे आपलं जाता जाता.

तेव्हा या मॉडेलचं दार बंदच राहील, बिजागऱ्या मात्र खऱ्या. पाट एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ नाटकासाठी वेगळ्या स्केनेला, तिथे राणी क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांसह दिसायलाच हवी.

हे लिहितानाच सुचलं: हीच दोन दोऱ्यांची युक्ती मॉन्टेव्हेर्दीच्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेरातल्या ढगाला का नको? १६०७च्या संहितेत शेवटी मद्यदेव बाकसच्या बेभान बाया येतात, पण १६०९च्या छापील स्वरलिपीत अपोलो देव ढगातून उतरून ऑर्फेओला स्वर्गात नेतो. ढगावर माणसं दोन, म्हणजे दोऱ्या चार लागतील. चारींचा ताण सारखा ठेवायची सोपी रीत कुणाकडे असेल तर सांगा. अगामेम्नॉन थांबेल थोडा.