‘बनगरवाडी’ वेगवेगळ्या समीक्षादृष्टींतून वाचताना: माझा अनुभव

एम.ए.च्या समीक्षापद्धतींच्या पेपरसाठी लिहिलेली उत्तरं पाहिली तर बहुतेकांचा साचा एकच असतो. आधी स्त्रीवादाची किंवा मार्क्सवादाची व्याख्या, मग दोन-चार विचारवंतांची नावं, आणि शेवटी ‘प्रस्तुत कादंबरीतही शोषण दिसून येते’. एवढं लिहायला कादंबरी वाचावीच लागत नाही. म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेताना मी क्रम उलटा ठेवला. आधी प्रसंग पक्के केले आणि मग प्रत्येक दृष्टी त्याच प्रसंगांवर चालवून पाहिली.

ही कादंबरी अशा कामाला सोयीची आहे. आकाराने लहान, भाषा साधी, आणि कथानकाचा गुंता नाही. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो, वाडीची कामं अंगावर घेतो, तालीम बांधून घेतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते. सारांशात पानं घालवायला वावच नाही.

पहिलं वाचन कोणतीही दृष्टी न लावता करायचं. वहीत तीन रकाने: पान क्रमांक, मजकुरात काय आहे, मला काय वाटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. ‘वाडीचा प्रमुख असलेला कारभारी मास्तरशी बोलणं टाकतो’ हा दुसरा रकाना. ‘कारभारी संशयी आहे’ हा तिसरा. वाचन एकाच आवृत्तीतून करावं, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत आणि ऐन लिहिताना शोधाशोध होते.

मग चार प्रसंग निवडायचे. चारच. मी घेतलेले: मास्तर भल्या पहाटे एकटा वाडीकडे चालत येतो ती सुरुवात, अंजीच्या चोळीचा प्रसंग, तालमीची उभारणी, आणि दुष्काळाचा शेवट. एकात निवेदक एकटा, एकात बाई, एकात सगळी वाडी आणि एक अखेरचा, असा निकष ठेवला की आपल्या आवडीचेच प्रसंग उचलले जात नाहीत.

सुरुवात रूपवादी वाचनाने, म्हणजे काय सांगितलंय यापेक्षा कसं सांगितलंय हे पाहणाऱ्या वाचनाने करावी, कारण बाकी सगळ्या दृष्टी त्यावर उभ्या राहतात. प्रश्न दोनच: पाहतो कोण आणि सांगतो कोण? इथे दोन्हींचं उत्तर ‘राजाराम’ असलं, तरी पाहणारा राजाराम नवखा पोरगा आहे आणि सांगणारा सगळं घडून गेल्यावर सांगतो आहे. सांगणाऱ्याला तेव्हापेक्षा जास्त कळलेलं जिथे जिथे दिसतं, ती वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करावीत. सगळ्यात जास्त घोळ याच टप्प्यावर होतो. माडगूळकर त्याच मुलखातले, म्हणून राजाराम म्हणजेच माडगूळकर असं धरलं जातं. तसं धरलं की निवेदकावर शंका घेण्याचा हक्कच जातो, आणि पुढच्या दृष्टींना तर नेमकी तीच शंका लागते.

उदाहरणार्थ चोळी. अंजी ही कारभाऱ्याची मुलगी. ती मास्तरकरवी बाहेरून चोळी शिवून आणवते आणि त्यावरून कारभाऱ्याचं मन फिरतं. स्त्रीवादी वाचनात ‘अंजीवर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर काम झालं नाही. मी अंजीची सगळी वाक्यं एका कागदावर उतरवली आणि शेजारी मास्तरने तिच्याविषयी सांगितलेलं सगळं. दोन कागदांच्या लांबीतला फरक हेच वाचनाचं पहिलं सापडणं. प्रकरण मिटवायचं असतं ते मास्तर आणि कारभारी या दोन पुरुषांमधलं. चोळी जिला हवी होती तिचं पुढे काय, हे निवेदक फारसं पाहत नाही. हीच पद्धत शेकूच्या बायकोला लावता येते. बैलाच्या जागी ती स्वतः औताला जुंपून घेते, आणि आपल्यासमोर येते ती शेकूची बायको म्हणून. मात्र इथे थांबून उलटा प्रश्नही विचारावा लागतो: निवेदक तिला बिचारी ठरवतो का? तिच्या ताकदीकडे तो थक्क होऊन पाहतो. स्त्रीवादी वाचनाला हे अडचणीचं आहे, म्हणूनच ते टिपायचं.

ऐतिहासिक दृष्टीने तालमीचा प्रसंग सगळ्यात जास्त उघडतो. माडगूळकरांचं माडगुळे हे गाव आटपाडी भागातलं, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातलं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. १९३९ साली त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. हे ठाऊक असलं की वाडीत विहीर किंवा चावडी न बांधता तालीमच का बांधावीशी वाटते, आणि त्या तालमीसाठी राजेसाहेबांच्या येण्याचं एवढं अप्रूप का, हे कळतं. शिवाय कादंबरी छापून आली तेव्हा ती राजवट संपलेली होती, हेही ध्यानात येतं. धोका असा की औंधवर चार पानं सहज लिहून होतात आणि कादंबरी बाजूलाच राहते. मी नियम केला: ज्या ऐतिहासिक माहितीपुढे कादंबरीतला पान क्रमांक टाकता येत नाही, ती खोडायची.

जातीच्या दृष्टीने वाचताना आनंदा रामोशी हे पात्र महत्त्वाचं. त्याच्या भुरट्या चोऱ्या वाडी आणि मास्तर दोघंही सौम्यपणे घेतात, आणि वाचकही हसून पुढे जातो. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा आणि तो रद्द झाला १९५२ मध्ये. कादंबरी त्यानंतर तीनच वर्षांनी आली. ‘रामोशी म्हणजे चोर’ हे समीकरण ती मोडते की गोड करून तसंच ठेवते? हा प्रश्न खरा आहे आणि माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण ब्रिटिश मुलखातला कायदा जसाच्या तसा संस्थानी वाडीवर लादू नये. तो वातावरण म्हणून आणावा, पुरावा म्हणून नाही.

मार्क्सवादी वाचन इथे लंगडतं. वाडीत मालक आणि मजूर अशी ठळक फळी नाही. ताण आहे तो वाडी आणि पाऊस यांच्यात, वाडी आणि सरकार यांच्यात. ओढूनताणून कारभाऱ्याला जमीनदार करणारे निबंध मी वाचले आहेत. त्यापेक्षा ‘ही दृष्टी इथे एवढंच दाखवते’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक. तालमीसाठीचं श्रम कुणाचं आणि नाव कुणाचं, एवढा एक प्रश्न मात्र तिच्यामुळे हाती लागतो. मनोविश्लेषणाचं तर मी नावच घेतलं नाही: ‘कारभारी ही पितृप्रतिमा’ हे एका वाक्यात संपतं आणि पुढे काही हाती लागत नाही.

पर्यावरणीय दृष्टीने शेवट वाचताना सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. वाडी ज्या माणदेशात आहे तो पर्जन्यछायेचा, कमी पावसाचा मुलूख. मेंढरं घेऊन हिंडणं हा धनगरांच्या जगण्याचाच भाग आहे. मग वाडी रिकामी होणं ही शोकांतिका कुणाची? शाळेच्या पटावर नोकरी अवलंबून असलेल्या, एका जागी बसणाऱ्या मास्तरची तर नव्हे? हे वाचन मला फार आवडलं आणि म्हणूनच मी त्याविरुद्ध पुरावा शोधला. तो मजकुरातच आहे: ही नेहमीची भटकंती नाही, दुष्काळात जित्राबं मरतात, माणसं हतबल होऊन बाहेर पडतात. तेव्हा अर्थ निम्माच टिकला. वाडी ओस पडण्याचं दुःख सगळ्यांचं. पण त्याला ‘शेवट’ म्हणणारा मास्तर आहे.

लिहिताना प्रत्येक दृष्टीला साधारण ३०० शब्द दिले आणि प्रत्येकीखाली ‘हिला काय समजावता येत नाही’ असा एक परिच्छेद. निबंध या परिच्छेदांतून बांधावा. एका दृष्टीला जे जमलं नाही तिथून दुसरी सुरू करावी. ‘सर्व दृष्टींचा समन्वय’ असला शेवट मात्र टाळावा. अंजी आणि आनंदाबद्दलची दोन वाचनं जुळत नसतील तर न जुळलेलीच ठेवावीत.

कथेला एवढा पसारा लागत नाही. दोन प्रसंग, दोन दृष्टी पुरतात, पण निवड जपून करावी लागते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत निवेदक जात लपवतो, ती उघड होते आणि त्याला मार बसतो. इथे मानसशास्त्रीय दृष्टी आधी लावली तर त्याची भीती, त्याचा न्यूनगंड यांवरच सगळं येऊन थांबतं आणि मारणारे नामानिराळे राहतात. कथेत तर मार खाल्लेला माणूसच सांगतो की आपल्याला मारलं ते मनूने. निवेदकाने स्वतःच दृष्टी हातात दिली असेल, तर सुरुवात तिथूनच करावी.