तुम्ही विचारलंत म्हणून: आवडीची नोकरी आणि कामातले समाधान

कल चाचणीचा अहवाल हातात पडला की पालक मला हमखास विचारतात, "मुलीला चित्रकला आवडते, त्याच क्षेत्रात नोकरी लागली की ती समाधानी राहील ना?" माझे उत्तर असे, की आवडीचा वाटा आहे, पण आपण धरून चालतो त्याहून तो बराच लहान आहे.

आवडींचे सहा गट असतात आणि काम आपल्या गटाशी जुळले तर समाधान वाढते, ही मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची, १९५९ पासूनची. मात्र २०२० मध्ये शंभराहून अधिक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा आवड जुळणे आणि समाधान यांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) जेमतेम ०.१९ भरला.

बाकीचे बरेचसे कामाच्या घडणीवर ठरते. हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात त्याची पाच अंगे सांगितली: कौशल्यांची विविधता, काम अथपासून इतिपर्यंत आपल्या हातून होणे, इतरांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व, निर्णयाची मोकळीक आणि काम कसे झाले हे कामातूनच कळणे.

मनापासून चित्रे काढणारी एक मुलगी जाहिरातीच्या कामात शिरली. दिवसभर दागिन्यांच्या फोटोंची पार्श्वभूमी कापायची आणि फाइल पुढे धाडायची. रंग वरून ठरून येत आणि जाहिरात कुठे छापली गेली हे तिला कोणी सांगत नसे. हळूहळू तिचे घरी चित्रे काढणेही थांबले आणि आपली आवडच खोटी होती, असे तिला वाटू लागले. या गैरसमजाचे मला फार वाईट वाटते, कारण खोट आवडीत नव्हती, कामाच्या रचनेत होती. याउलट एसटीच्या आगारातला माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक नाइलाजाने आयटीआयला गेला होता. इंजिनाचा बिघाड तो आवाजावरून ओळखतो, दुरुस्ती स्वतः करतो, आणि गाडी प्रवासी घेऊन मार्गावर निघाली की काम जमले हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. कामाची गोडी त्याला मागाहून लागली.

अर्थात मोकळीक सर्वांनाच हवी असते असे नाही. काहींना ती ओझे वाटते. पगार आणि वरिष्ठांची वागणूक यांचाही भाग असतोच. म्हणून मुलीचा कल जरूर पाहा, पण तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्याला गाठून हेही विचारा, की दिवसभरातले काय काय तुम्ही स्वतः ठरवता, आणि केलेले काम पुढे कुठे जाते हे तुम्हाला दिसते का.