नाशकातलं नाक

सिगरेट सोडली म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "काय झालं होतं?" काहीतरी झालेलं असणारच, अशी त्याची खात्री असते. छातीत कळ, एक्स-रेमध्ये डाग, गेला बाजार एखादा स्टेंट. मी म्हणतो, "काही नाही, वास येत नव्हता." मग त्याचा चेहरा उतरतो. फुकट काळजी केली असं त्याला वाटत असावं.

मोठी कारणं मला ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. एकेक कारण मी नीट वाचलं होतं, मान डोलावली होती आणि बाजूला ठेवलं होतं. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 पासून ब्रिटिश डॉक्टरांचा तब्बल 50 वर्षं मागोवा घेतला. त्यातून निघालेला हिशेब असा की तिशीत सिगरेट सोडली तर साधारण 10 वर्षं पदरात पडतात, चाळिशीत सोडली तर 9, पन्नाशीत 6 आणि साठीत 3. शहाणा माणूस हे वाचून त्याच दिवशी सोडेल. मी तेव्हा चाळिशीचा होतो आणि कंपनीत पर्चेसला आहे. मला त्यात दिसलं ते एवढंच, की आणखी दहा वर्षं ओढली तर नुकसान फक्त तीन वर्षांचं. दर वाईट नव्हता. मी पुरवठादारांकडून याहून वाईट दर मान्य केलेले आहेत.

पाकिटावरच्या चित्राचंही तेच. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर ते भयंकर चित्र असतं, पण मी पाकीट घेतच नव्हतो. सातपूर एमआयडीसीत आमच्या गेटसमोरच्या टपरीवर सुट्टी मिळायची, आणि सुट्ट्या सिगरेटवर चित्र कुठून येणार? 2020 मध्ये महाराष्ट्रात सुट्ट्या सिगरेट-विड्या विकायला बंदी आली, ती बातमी मी त्याच टपरीवर, सुट्टी ओढत वाचली. तिचं नावच मुळी सुट्टी. अकराची सुट्टी, जेवणानंतरची सुट्टी, चारच्या कटिंगबरोबरची सुट्टी. शिवाय माझा एक सिद्धांत होता: पाकीट बाळगतो तो व्यसनी, सुट्टी घेतो तो नुसता चार माणसांत मिसळणारा. दिवसाला आठ सुट्ट्या म्हणजे वर्षाला 2,920 होतात हे गणित मला येत नव्हतं असं नाही. केलं नव्हतं.

तर झालं असं, की एका रविवारी सकाळी बायको गॅसवर दूध ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. जाताना म्हणाली, "दुधाकडे बघ रे." मी "हो" म्हणालो आणि शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत बसलो. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालूच. मी पुरवणीपर्यंत पोचलो होतो. पुरवणी संपली की गॅलरीत जाऊन एक ओढायची म्हणून लायटर काढून टेबलावर ठेवलेला.

तेवढ्यात दार बडवल्याचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या काकू, हाताला कणीक तशीच. "अहो, गॅस! केवढा वास सुटलाय!" त्या मला ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरल्या, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मागोमाग बायको बादली घेऊन जिना उतरत आली आणि दारातूनच ओरडली, "अरे, तू इथेच बसलायस ना? तुला वास येत नाहीये?"

येत नव्हता. मी नाक वर करून दोनदा जोरात हुंगलं. कसलाच नाही.

आता हा गॅसही मजेशीर आहे. एलपीजीला मुळात स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं सडक्या कोबीसारखं घाण मारणारं रसायन मिसळतात, आणि ते इतकं उग्र की नावापुरतं असलं तरी माणसाला कळतं. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरत खाली उतरतो. म्हणजे माझ्या घरातला गॅस जिन्याने उतरून काकूंच्या कणकेपर्यंत गेला, काकूंनी तो ओळखला, त्या वर आल्या, आणि शेगडीपासून चार हातांवर बसलेल्या मला, ज्याच्या नाकासाठी तो वास खास घातलेला आहे त्या मला, पत्ता नाही.

घाबरलो ते रात्री, लायटरची आठवण येऊन. त्या क्षणी वाटली ती निव्वळ लाज. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून या गावाला नासिक म्हणतात, असं आम्ही पाहुण्यांना रामकुंडावर उभं राहून सांगत असतो. तिचं निदान लक्ष्मणाने कापलं. माझं मी स्वतः कापून घेतलं, रोज आठ हप्त्यांत, आणि वर पैसे मोजून. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहून आयुष्यभर नाकाने कांदे सोलायचे, तर त्यासाठीही निदान नाक लागतं.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. नासलेल्या दुधाचा चहा मी एकट्याने प्यालो होतो, तो. पहिल्या पावसात ऑफिसातले सगळे खिडकीशी गेले आणि "काय वास सुटलाय!" म्हणाले, तेव्हा मीही "वा" म्हणालो होतो, तो. सिगरेटने जिभेची आणि नाकाची धार जाते हे वाचलं होतं. पण आपली गेली आहे हे कळायला काहीतरी नाकाशी धरावं लागतं, आणि मला आठवली माझी आत्या.

आत्या सिन्नरला विड्या वळायची. तेव्हा सिन्नरच्या कित्येक ओसऱ्यांवर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असत. रात्री टेंभुर्णीची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने भराभर कापायची. मग पान तळहातावर, चिमूटभर तंबाखू, दोन्ही हातांच्या बोटांची एक सरसर, टोक नखाने आत दुमडलं, दोऱ्याचे दोन वेढे, आणि विडी सुपात. गप्पा मारताना तिचं हाताकडे लक्षही नसे. मजुरी हजारावर, आणि हजार वळायला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागे. तिने जन्मात एक विडी ओढली नाही, पण रात्री खोकायची ती. तिच्या हातच्या भाकरीला तंबाखूचा आणि ओल्या पानाचा बारीकसा वास असे. मला लहानपणी वाटायचं भाकरीचा वासच तसा असतो, आणि आमच्या घरच्या भाकरीत काहीतरी कमी आहे.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं सूप मात्र आतेभावाच्या घरी माळ्यावर आहे. पुढच्याच रविवारी सिन्नरला गेलो, ते सूप खाली काढायला लावलं आणि त्यात नाक घातलं. वहिनी म्हणाली, "येतोय की अजून वास." मी पुन्हा घातलं. धूळ गेली नाकात, शिंका आल्या. वास नाही.

नाशिकला परतताना ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. पाकिटावर 2018 पासून सरकारी मदतीचा नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. मी पाकीट घेत नसल्यामुळे तो मला टपरीवाल्याकडून मागून घ्यावा लागला. त्याने गिऱ्हाईक जातंय हे कळूनही पाकीट उलटं करून वाचून दाखवला, हे त्याचं मोठेपण. फोनवरच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला का सोडायची आहे?" मी पाठ केलेलं सांगायला लागलो, आरोग्य वगैरे. त्या थांबल्या. "ते झालंच. तुमचं कारण काय?" मी ओशाळून म्हणालो, "मला एका सुपाचा वास घ्यायचाय." त्या हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "मग तारीख कुठली धरायची?"

त्यांच्या त्या प्रश्नानंतर मी सोडलेल्या लोकांना कारणं विचारत सुटलो. एकाही माणसाने कॅन्सर म्हटलं नाही. आमच्या स्टोअरमधल्या एकाने सोडली ती येवल्याच्या पैठणीपायी. मेहुणीच्या लग्नात याच्या सिगरेटची ठिणगी बायकोच्या नव्या कोऱ्या पैठणीच्या पदरावर पडली, मोराला बरोबर डोळ्याच्या जागी भोक. तिने एक शब्द काढला नाही. ती पैठणी आजही ती प्रत्येक लग्नात नेसते आणि पदर पुढून घेते. दुसऱ्या एकाने पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत गळ्यात माळ घातली आणि सुटली. त्याच्या आधी त्याने च्युइंगम, वेलदोडे, योगासनं सगळं करून पाहिलं होतं. म्हणाला, "माळ घालून टपरीवर उभं राहायची लाज वाटते." लाजेला आपण उगाच नावं ठेवतो. तिसरा म्हणाला, पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना जावई पुढे आणि हा मागे, आणि जावयाने वळून हात दिला. "हात दिला रे त्याने," असं तो अजून चिडून सांगतो.

सोडण्याबद्दल फार लिहीत नाही, कंटाळवाणं असतं ते. निकोटीन अंगातून दोन-तीन दिवसांत निघून जातं म्हणतात. माझं निघताना भांडी आपटत निघालं. पहिले तीन-चार दिवस मी घरात असा वागलो की मुलगी आजीकडे राहायला गेली. तलफ आली की ती चार-पाच मिनिटांत ओसरते, हे खरं आहे, पण ती चार-पाच मिनिटं घड्याळातली नसतात. चिवडा इतका खाल्ला की वजन वाढलं. आणि अकराव्या दिवशी गंगापूर रोडला तर्रीवाली मिसळ झाल्यावर एक ओढलीच. मिसळीनंतरची सिगरेट हा वेगळाच प्रकार आहे, तिच्याबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. ती एक धरली तर एकूण सोडायला मला तीन तारखा लागल्या.

नाक मात्र वेळेवर कामाला लागलं. पहिल्यांदा परत आला तो फोडणीचा वास, तोही आमच्या नाही, समोरच्यांच्या घरातल्या. हिंग. मग भद्रकालीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी मी इतका वेळ उभा राहिलो की भाजीवाली म्हणाली, "भाऊ, घ्यायची असंल तर घ्या, नुसती हुंगून शिळी करू नका." फेब्रुवारीत दिंडोरीकडून येताना द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या पिकअपमागे मी मुद्दाम गाडी हळू ठेवली. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, फुलबागांचं गाव, हे शाळेत शिकलेलं. तर अगदी गुलशन नाही, पण काहीतरी होतं खरं, आणि मी ते वीस वर्षं धुरातून बघत होतो.

अर्थात नाक परत येतं ते अख्खं येतं, निवडून पाठवत नाहीत. गोदाकाठाने पाणवेलींशेजारून चालताना पूर्वी मला काही त्रास नसायचा. आता रुमाल लागतो. कंपनीतल्या लिफ्टमध्ये कोण ओढून आलंय हे दार उघडताच कळतं, आणि मीही वीस वर्षं असाच लिफ्टमध्ये शिरत होतो, बडीशेप चघळत, कोणाला कळत नाही अशा समजुतीत.

सिन्नरलाही गेलो पुन्हा, सहा महिन्यांनी. वहिनीने न सांगता सूप काढून ठेवलं होतं. या वेळी आला. अगदी पुसट, वेताच्या सांध्यांत बसलेला, तंबाखूचा आणि सुकल्या पानाचा. भाकरी आठवली, आत्याची नखं आठवली. आणि लगेच, त्याच श्वासात, सिगरेटची अशी काही तलफ आली की मी सूप वहिनीच्या हातात दिलं आणि पाणी मागितलं. ज्या वासासाठी सोडली तोच वास हाताला धरून टपरीवर न्यायला बघत होता. फोनवरच्या बाईंना हे सांगायला हवं होतं, पण नंबर फिरवला नाही.

परवाची गोष्ट. संध्याकाळी गॅलरीत उभा होतो आणि खालून करपट वास आला. शेंगदाणे. दोन उड्यांत जिना उतरलो, काकूंची बेल दाबली. "काकू, दाणे जळतायत!" त्या टीव्हीसमोरून धावल्या, कढई उतरवली, सालं काळी झालेली. मग पदराने वारा घेत माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला वर वास आला?"

"आला की," मी म्हणालो. आवाजात जरा ऐट आली असेल, नाकारत नाही.

"म्हणजे सुटली तर तुमची," काकू म्हणाल्या. "तरीच. गेले कित्येक महिने तुळशीत राख पडत नाही."

त्यांची तुळस त्यांच्या गॅलरीत आहे, आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली. मी काही बोलायच्या आत त्या आत गेल्या आणि त्यातल्या त्यात कमी जळलेले दाणे वाटीत घालून घेऊन आल्या.