हस्तिनापुराच्या सभेत आणि सभेबाहेर

महाभारतातली कृष्णशिष्टाई आपल्याला बहुधा दोन चित्रांपुरती आठवते. सुईच्या अग्राने टोचली जाईल एवढीही भूमी पांडवांना देणार नाही असे बजावणारा दुर्योधन हे एक, आणि त्यानंतर भरसभेत प्रकट झालेले विश्वरूप हे दुसरे. कीर्तनातले आख्यानही याच दोन जागी रंगते, आणि त्यात वावगे काही नाही. पण उद्योगपर्वातला हा भाग देवाची लीला म्हणून बाजूला न ठेवता, दोन वैरी पक्षांमधली युद्धापूर्वीची अखेरची बोलणी म्हणून सलग वाचला, तर वेगळेच काही हाती लागते. सभेत जे घडले ते बव्हंशी आधीच ठरून गेले होते. ज्याला वाटाघाट म्हणता येईल ती सभेच्या आधी आणि सभेनंतर झाली, असे माझे मत आहे.

कृष्ण हा काही पहिला दूत नव्हता. अज्ञातवास संपल्यावर विराटाच्या राज्यातल्या उपप्लव्य नगरीत पांडवांचे मित्र जमले, तेव्हा द्रुपदाने आपल्या पुरोहिताला हस्तिनापुरास धाडले. त्याच वेळी मित्रराजांकडे सैन्यासाठी निरोपही गेले, हे विसरून चालणार नाही. पुरोहिताचे बोलणे रास्त पण अतितीक्ष्ण आहे, असा शेरा भीष्मांनी मारला आणि कर्णाने मध्येच तोंड घातल्याने ती भेट वादातच संपली. उत्तरादाखल धृतराष्ट्राने संजयाला पाठवले. संजयाच्या झोळीत देण्यासारखे काहीच नव्हते. युद्ध वाईट, शांती चांगली, आणि युद्धाने मिळवलेल्या राज्यापेक्षा अंधक-वृष्णी या यादवकुळांच्या राज्यात भिक्षा मागून राहणे बरे, एवढा उपदेश तो युधिष्ठिराला करून गेला. ज्याने राज्य गिळले आहे त्याचा वकील ज्याचे गेले आहे त्याला वैराग्य शिकवतो, हा प्रकार वाचताना आजही चीड येते. त्या भेटीत युधिष्ठिराने आपली मागणी पाच गावांवर आणली. त्या गावांत वृकस्थल आहे आणि वारणावतही आहे. पाचवे गाव कोणतेही चालेल, असे तो म्हणतो. वारणावत म्हणजे जिथे या पाच भावांना आईसह लाक्षागृहात जाळण्याचा बेत झाला होता ते ठिकाण. ते नाव यादीत सहज आले असेल असे मला वाटत नाही.

यानंतर कृष्ण स्वतः निघतो. निघण्यापूर्वी पांडवांच्या गोटात जी चर्चा होते, ती दूताला नेमके काय सांगून पाठवले होते हे पाहण्यासाठी मुद्दाम वाचावी. युधिष्ठिराला युद्ध नको आहे, पण हक्कही सोडवत नाही. भीम इतका मवाळ बोलतो की कृष्ण त्याची थट्टा करून त्याला डिवचतो. सहदेवाला मात्र तह नकोच आहे, आणि सात्यकी त्याला दुजोरा देतो. शेवटी द्रौपदी आपले केस हाती धरून सांगते की, तहाची भाषा करताना दुःशासनाच्या हातांनी ओढलेले हे केस लक्षात ठेव. म्हणजे एका दूताबरोबर अनेक सूचना निघाल्या, आणि त्या एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. कृष्णाने कोणालाच नकार दिला नाही. कार्तिकातल्या रेवती नक्षत्रावर तो निघाला तेव्हा रथात शंख, चक्र, गदा ठेवण्याची आज्ञा त्याने सात्यकीला दिली होती, आणि सोबत दहा महारथी व हजार पायदळ होते. समोरच्याच्या सज्जनपणावर विसंबून निघालेल्या माणसाची ही तयारी नव्हे.

पहिला मुक्काम वृकस्थलाला पडतो. मागितलेल्या पाच गावांपैकी एका गावात दूत रात्र काढतो. महाभारतकार यावर एक अक्षरही बोलत नाहीत, पण ज्याने यादी लक्षात ठेवली आहे त्याला ते न बोलणे ऐकू येते. दुर्योधनाने वाटेत जागोजाग सजवलेली विश्रामस्थाने उभारली होती, वृकस्थलाला तर विशेष थाटाचे. कृष्ण त्यांच्याकडे न पाहता पुढे गेला.

इकडे हस्तिनापुरात धृतराष्ट्र आहेर मोजत बसला होता. सोन्याचे सोळा रथ, आठ हत्ती, शंभर दासी, डोंगराळ प्रदेशातून आलेली मऊ लोकरीची अठरा हजार वस्त्रे, अशी ही यादी वाढत जाते. विदुर ती शांतपणे ऐकतो आणि मग सांगतो की, पाच गावे देण्याची तुमची तयारी नाही आणि धनाने कृष्णाला पांडवांपासून फोडायला निघाला आहात. पाण्याचा भरलेला कुंभ, पाय धुणे आणि कुशल विचारणे यापलीकडे तो तुमच्याकडून काही घेणार नाही. दुर्योधनाचेही म्हणणे आहेर देऊ नये असेच पडते, पण त्याचे कारण निराळे. आता काही दिले तर भिऊन दिले असे कृष्णाला वाटेल, हा त्याचा हिशेब. आणि मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने तो चूक म्हणता येत नाही. मात्र त्याच बैठकीत तो पुढचा बेतही उघड करतो: कृष्ण इथे आला की त्याला बांधून ठेवायचे, म्हणजे पांडव आपोआप ताब्यात येतील. भीष्म संतापून उठून जातात. सभा अजून भरलेलीच नाही, दूत नगरात पोचलेला नाही, आणि यजमानाने त्याच्या कैदेचा निर्णय मनाशी घेऊन टाकला आहे. पुढे जे काही बोलणे होते ते या निर्णयाच्या छायेत होते.

नगरात आल्यावर कृष्ण धृतराष्ट्राला भेटतो, विदुराकडे जातो, कुंतीचे सांत्वन करतो आणि मग दुर्योधनाच्या वाड्यात जातो. तिथे जेवणाचा आग्रह होतो आणि तो नाकारतो. दुर्योधन कारण विचारतो, तेही साळसूदपणे: आपण दोन्ही पक्षांचे सारखेच नातलग, मग आमचे अन्न का नको? कृष्णाचे पहिले उत्तर शिष्टाचाराचे आहे. दूत काम फत्ते झाल्यावर जेवतात आणि सत्कार घेतात. माझे काम झाले की तू माझा आणि माझ्या माणसांचा सत्कार कर. दुर्योधन ते मानत नाही आणि पुन्हा खोदून विचारतो, तेव्हा कृष्ण दुसरे उत्तर देतो, आणि ते मात्र धारदार आहे: माणूस दुसऱ्याचे अन्न खातो ते प्रेमापोटी किंवा अडचणीत सापडल्यामुळे, तुझे आमच्यावर प्रेम नाही आणि आमच्यावर अडचणही आलेली नाही.

या संपूर्ण शिष्टाईतला सर्वांत महत्त्वाचा संवाद मला हाच वाटतो. दुसऱ्याच्या ताटावर बसले की तक्रारीची धार बोथट होते, हे भाऊबंदकीच्या वाटणीला बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण इथे त्याहून अधिक काही आहे. ‘आमच्यावर अडचण आलेली नाही’ या वाक्यात पांडवांच्या बळाची जाणीव दिली गेली, तीही सैन्याचा आकडा न उच्चारता. आणि दुर्योधनानेच दुसऱ्यांदा विचारल्यामुळे ते ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर आली. तिथून उठून कृष्ण विदुराकडे जेवला. विदुराघरच्या कण्या आपल्या मनात घट्ट बसल्या आहेत. मूळ ग्रंथात मात्र विदुर चांगले, शुद्ध आणि भरपूर अन्न वाढतो. कण्यांमुळे गोष्टीला भक्तीची गोडी आली हे खरे, पण त्यामुळे लक्ष गरीब-श्रीमंतीकडे गेले आणि कोणाच्या घरी जेवायचे नाही हा राजकीय निर्णय मागे पडला.

त्या रात्री विदुर स्पष्टच सांगतो की इथे येणे व्यर्थ आहे, उद्या सभेत जाऊ नकोस. कृष्ण ते खोडून काढत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, प्रयत्न केला पाहिजे. कृष्ण समर्थ असूनही त्याने कुरु-पांडवांना आवरले नाही, असे उद्या कोणी म्हणू नये. म्हणजे आपण अपयशी ठरणार याची पुरेशी कल्पना घेऊन तो सभेत शिरतो, आणि तिथले त्याचे भाषण समोरच्या राजाइतकेच भोवती बसलेल्या इतर राजांसाठी असते.

सभेतली बसण्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. कर्ण आणि दुर्योधन एकाच आसनावर, कृष्णापासून फार लांब नाहीत. विदुर कृष्णाच्या आसनाला लागून. कृष्ण बोलतो ते धृतराष्ट्राला उद्देशून, कारण कायद्याने राजा तो. मी कुरु आणि पांडवांमध्ये वीरांचा नाश न होता शांतता व्हावी एवढे मागायला आलो आहे, अशी सुरुवात करून तो त्याला दाखवून देतो की, दोन्ही बाजूंच्या मुलांना आवरणे तुमच्या आणि माझ्या हाती आहे. मग ऋषींची आख्याने होतात. ती लांब आहेत आणि दुर्योधनावर त्यांचा परिणाम इतकाच की, कण्वांचे सांगून झाल्यावर तो कर्णाकडे बघून हसतो आणि मांडीवर थाप मारतो. अखेर धृतराष्ट्र म्हणतो की, तुझे सारे पटते, पण मी स्वतंत्र नाही. त्या मुलालाच समजाव. सभेचा खरा निकाल इथेच लागला. ज्याच्याशी बोलणी करायची तोच आपल्याला अधिकार नसल्याचे सांगतो, आणि ज्याला अधिकार आहे त्याला बोलणी नको आहेत.

दुर्योधनाच्या बाजूचा युक्तिवाद आपण फारसा ऐकून घेत नाही, म्हणून तो इथे नोंदवतो. तो म्हणतो: सगळे मलाच का दोष देता? द्यूत पांडवांनी आवडीने मांडले आणि शकुनीकडून ते हरले, त्यात माझा अपराध काय? पूर्वी राज्याचा वाटा दिला गेला तो मी लहान असताना, अज्ञानाने किंवा भीतीने दिला गेला. मी जिवंत असेतो तो पुन्हा मिळणार नाही. यानंतर सुईचे वाक्य येते. त्याच्या लेखी इंद्रप्रस्थ हा पांडवांचा हक्क नसून वडीलधाऱ्यांची चूक आहे, आणि ती चूक तो दुरुस्त करीत आहे. एकदा ही भूमिका घेतली की पाच गावे काय किंवा अर्धे राज्य काय, दोन्ही सारखेच. लहानसे गाव दिले तरी हक्क मान्य केल्यासारखे होते. मला त्याची बाजू न्याय्य वाटत नाही, पण ती सुसंगत आहे, आणि तो केवळ हट्टी होता असे म्हणून सोडून दिल्याने बोलणी का फिसकटली हे समजत नाही.

पुढचा भाग वेगाने घडतो. दुःशासन भावाला सांगतो की, तू तह केला नाहीस तर भीष्म, द्रोण आणि आपले वडीलच आपल्याला बांधून युधिष्ठिराच्या हवाली करतील. दुर्योधन तडक उठून बाहेर जातो. कृष्णही मग कंसाचा दाखला देऊन नेमके तेच सुचवतो: कुळासाठी एकाचा त्याग करा, दुर्योधन, कर्ण, शकुनी आणि दुःशासन या चौघांना बांधा. सभेतला कोणीही हलत नाही. गांधारीला बोलावले जाते, ती आधी नवऱ्याला आणि मग मुलाला सुनावते, आणि मुलगा पुन्हा निघून जातो, या वेळी आधी ठरलेला कैदेचा बेत अमलात आणण्यासाठी. तो सात्यकीच्या ध्यानात येतो. सात्यकी आपल्यासारख्याच यादववीर कृतवर्म्याला सभेच्या दाराशी सैन्य सज्ज करायला सांगतो आणि मगच आत जाऊन बेत उघड करतो. पुढे याच कृतवर्म्याने युद्धात दुर्योधनाची बाजू घेतली, पण त्या दिवशी दार त्याने राखले. विश्वरूप त्यानंतरचे. दूताला हात लावण्याची कोणाची छाती होऊ नये म्हणून ते आवश्यक होते की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते दारातली फौज पुरेशी होती.

हस्तिनापूर सोडताना कृष्ण कर्णाला रथात घेतो, आणि साऱ्या मोहिमेतला एकमेव खराखुरा प्रस्ताव इथे मांडला जातो. तू कुंतीचा पहिला मुलगा. चल, राज्य तुझे, युधिष्ठिर तुझा युवराज, पाचही भाऊ तुझे पाय धरतील. कर्णाने दुर्योधनाची साथ सोडली असती तर दुर्योधनाचा युद्धाचा भरवसाच गेला असता, म्हणून हा प्रस्ताव नेमक्या जागी घातलेला होता. कर्ण तो नाकारतो: अधिरथ आणि राधेने वाढवले, तेरा वर्षे दुर्योधनाच्या आश्रयाने राज्य भोगले, आणि त्याने माझ्याच भरवशावर शस्त्र उचलले आहे. त्याबरोबर एक अटही घालतो, की हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कृष्ण मग त्याच्याच हाती भीष्म-द्रोणांना निरोप देतो की, हवा सुखद आहे, धान्य पिकले आहे, सातव्या दिवशी अमावास्या येते, तेव्हा युद्ध जुंपावे.

उपप्लव्याला परतल्यावर कृष्णाने युधिष्ठिरापुढे सगळा वृत्तान्त सविस्तर मांडला. भीष्म काय म्हणाले, द्रोण, विदुर, गांधारी काय म्हणाली, साम कसा केला, भेद कसा केला, सगळे राज्य तुझे राहू दे पण पाच गावे दे असेही कसे सांगून पाहिले, हे सारे त्यात आहे. कर्णाचे नावही येते, पण ते त्याला कसे धाक घालून पाहिले एवढ्यापुरतेच. रथातले बोलणे त्यात नाही. कर्णाची अट पाळली असे त्याचे समर्थन करता येते, आणि युधिष्ठिराने ते ऐकून शस्त्र खाली ठेवले असते म्हणून लपवले असेही म्हणता येते. मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. युधिष्ठिराला ते कुंतीने सांगितले तेव्हा युद्ध संपले होते आणि मृतांना उदक देणे चालू होते. त्या दिवशी मात्र वृत्तान्त ऐकून झाल्यावर त्याने भावांकडे वळून, सात अक्षौहिणींचा सेनापती कोणाला करावा, हा विषय काढला.