ईसीजी नॉर्मल आला म्हणून सोडून देऊ नका

यवतमाळ जिल्ह्यात एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. बुधवारी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक येतात, त्यातले बरेचसे म्हातारेच, बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला. वर्षानुवर्षं तीच माणसं काउंटरवर येतात म्हणून कोण हळूहळू खचत चाललं ते आम्हाला दिसतं, डॉक्टरकडे पाच मिनिटांत नाही दिसत ते. त्याच्यावर लिहायचं होतंच.

मला डिप्रेशन आहे असं इकडे कोणी येऊन म्हणत नाही. म्हणतात, भाऊ जीव घाबरते, टोंगळे दुखते, जेवण जात नाही, पायटे तीन वाजताच डोळा उघडते, एखादी ताकतीची सलाईन लावून घेऊ का. लयच झालं तर म्हणतात, गमतच नाही आता. आणि घरचे म्हणतात वय झालं, असंच असते. हे "असंच असते" मला अजिबात पटत नाही. म्हातारपण म्हणजे उदासी नाही, आमच्याकडे ऐंशीचे बाबाजी आहेत जे अजून वावरात जाऊन तुरीच्या शेंगा तोडून आणतात आणि रस्त्यात भेटेल त्याच्याशी अर्धा तास बोलतात.

एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. आजोबा गेल्यावर रात्री धडधड सुरू झाली. पोरगा गाडी करून तालुक्याला न्यायचा, ईसीजी नॉर्मल, गॅसची गोळी, घरी. महिना-दोन महिन्यांनी परत तेच. ते सगळे ईसीजी त्या एका कॅरीबॅगमध्ये घडी करून ठेवायच्या आणि माझ्याकडे आल्या की काउंटरवर एकेक उघडायच्या, "पाय बरं भाऊ, याच्यात काही सुटलं तं नाही ना." त्या कागदावरची छपाई काही दिवसांनी उडून जाते, जुन्यांवर तर नुसत्या पुसट रेघा उरलेल्या, तरी बोट ठेवून दाखवायच्या. तोवर त्यांनी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जाणं सोडलं होतं, उन्हाळ्यात शेवया केल्या नव्हत्या, पोराने फोन उचलला नाही की ॲक्सिडेंटच झाला असं धरून बसायच्या. धडधड खरीच होती, फक्त ती चिंतेची होती, आणि चिंतेच्या खाली उदासी होती. म्हाताऱ्या माणसांत ह्या दोन गोष्टी बऱ्याचदा सोबतच असतात, आणि सोबत असल्या की बरं व्हायला वेळ पण जास्त लागतो.

शेवटी आशाताईंनी विचारपूस केली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी आधी थायरॉईड, बी 12, सोडियम तपासलं, कारण ह्यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच सुस्त नाहीतर अस्वस्थ होतो. मग गोळी सुरू केली, अगदी कमी डोसने. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, पोरगा वैतागला, मग झोप लागायला लागली, मग एक दिवस आजी स्वतः बाजारात वांगे घ्यायला आल्या.

आणि खरी गडबड इथंच होते. चार महिन्यांनी पोरगा म्हणतो, "माय बरी हाय ना आता, बंद करून टाकू का गोळ्या?" मी म्हटलं अजिबात नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच. बरं वाटल्यावर पण ह्या गोळ्या निदान सहा महिने ते वर्षभर घ्यायच्या असतात, म्हाताऱ्यांना कधी अजून जास्त. पुढं पोळ्याच्या सुमारास आजी परत खाली गेल्याच, डोस वाढवावा लागला.

हे असं वर-खाली होणंच जास्त दिसतं. नेदरलँड्समध्ये 55 ते 85 वयाच्या डिप्रेशनवाल्या 277 लोकांना 6 वर्षं पुन्हा पुन्हा तपासलं होतं, 2002 साली ते छापून आलं. त्यात बरे झालेले 23 टक्केच, 44 टक्के लोकांचं वर-खाली चालू राहिलं आणि 32 टक्क्यांचं तर पूर्ण काळ जोरातच राहिलं. तो देश वेगळा, पण काउंटरच्या ह्या बाजूने मला जे दिसतं ते ह्याच्यासारखंच आहे. म्हणून एकदा दाखवून आणलं आणि झालं असं नसतं, बीपीसारखंच वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

आता झोपेच्या गोळीबद्दल. अल्प्राझोलम मागायला लोक जुनी फाटकी चिठ्ठी घेऊन येतात, कोणी नुसती रिकामी स्ट्रिप घेऊन. ते औषध एच-1 नावाच्या सरकारी यादीत आहे, रजिस्टरला नोंद लागते, चिठ्ठीशिवाय मी देत नाही आणि त्यावरून भांडणं पण होतात. पण म्हातारा माणूस त्या गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठला आणि मोरीत पडला तर खुब्याचं हाड जातं, आणि मग तो बाजेवरून उठेलच ह्याची खात्री नाही. विसराळूपणा वाढतो तो वेगळाच. मात्र वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम बंद पण करू नका, डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करा. अजून एक, मे महिन्यात पारा 45 वर असताना बीपीची लघवीवाली गोळी आणि ही डिप्रेशनची गोळी दोन्ही चालू असल्या आणि बुढा अचानक बरळायला लागला तर बाहेरची हवा लागली म्हणून बसू नका, रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, ते तपासा, लगेच.

जिल्ह्याला जाणं हीच मोठी अडचण आहे. एसटीत 75 च्या पुढं तिकीट लागत नाही हे खरं, पण वेचणी चालू असताना सोबत कोण जाणार? म्हणून हे काम गावातच व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि होऊ शकतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच लोकांना ट्रेनिंग देऊन. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के झाले, 2017 मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलं होतं. आपल्या विदर्भातच झालंय हे, मग सगळ्या तालुक्यांत काहून नाही?

तोवर घरच्यांनी एवढं करा. आजी-आजोबांना जेवले का एवढंच विचारू नका, झोप कशी आहे, कशाची भीती वाटते, जगणं नको वाटते का, हे पण विचारा. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि फवारणीचं औषध घरात, बाजेखाली ठेवणं बंद करा, कुलूप लावून दुसरीकडे ठेवा. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, तिचा नंबर 14416, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. म्हाताऱ्यांसाठी एल्डरलाइन 14567 आहे. मी दोन्ही नंबर बिलाच्या मागे लिहून देतो, आणि गोळ्या कोणत्या बुधवारी संपतात ते पण.