तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द येतात, मग वाक्य का जुळत नाही?

"शब्द सगळे येतात हो, पण बोलायला गेलं की वाक्य उलटसुलट होतं, प्रॅक्टिस काय करू?" इंग्रजी शिकवते म्हटल्यावर हे कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मराठीत शब्द इकडचे तिकडे झाले तरी फारसं बिघडत नाही. कुत्रा माणसाला चावला म्हणा नाहीतर माणसाला कुत्रा चावला म्हणा, चावणारा कुत्राच, कारण ते 'ला' सगळं सांभाळून घेतं. इंग्रजीत मात्र 'द डॉग बिट द मॅन'मधल्या दोघांची अदलाबदल केली की माणूसच कुत्र्याला चावून मोकळा! जुन्या इंग्रजीत पण असे प्रत्यय होते आणि शब्दांच्या जागा बऱ्याच सैल होत्या, पुढे प्रत्यय झिजत गेले आणि सगळा भार जागेवर आला.

पण खरी गोची क्रियापदाची आहे. आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे बोलता बोलता विचार करायला वेळ मिळतो, आणि इंग्रजीत कर्ता तोंडातून निघाला रे निघाला की लगेच क्रियापद हजर लागतं. "आय... यस्टरडे... माय फ्रेंड..." करत माणूस अडकतो तो इथेच. म्हणूनच ते विस्कटलेले शब्द जुळवायचे वर्कशीट मला एकटं पुरेसं वाटत नाही, परीक्षेला ठीक आहे, पण त्यात क्रियापद आयतं समोर असतं आणि बोलताना नेमकं तेच शोधायचं असतं ना.

मी काय करायला लावते सांगते. फक्त दोन शब्द बोलायचे, कर्ता आणि क्रियापद. 'शी बॉट'. मग स्वतःलाच विचारायचं, काय? 'शी बॉट अ बुक'. कोणासाठी? 'शी बॉट अ बुक फॉर हर ब्रदर'. कधी? 'यस्टरडे', तेही शेवटी जोडायचं. दर वेळी अख्खं वाक्य पहिल्यापासून, मोठ्याने. वाक्यं दिवसभरात आपण खरंच जे केलं त्याचीच घ्या, पुस्तकातली नकोत. काही दिवस कंटाळा येतो, येऊ दे.

हे बसलं की त्याच वाक्याचा प्रश्न करा, 'डिड शी बाय अ बुक?' 'डिड' पुढे आलं की 'बॉट'चं 'बाय' होतं, हे लिहून पाठ करण्यापेक्षा तोंडाला वळण लागलेलं बरं. मग 'ऑलवेज' घालून बघा: 'शी ऑलवेज बाय्ज बुक्स', पण 'शी इज ऑलवेज लेट', म्हणजे साध्या क्रियापदाच्या आधी आणि 'इज'च्या नंतर. आणि एक जागा जिथे चांगले बोलणारेही घसरतात, 'डू यू नो व्हेअर इज ही?' इथे प्रश्न 'डू यू'नेच विचारून झालाय, पुढे सरळच, 'व्हेअर ही इज'.

विशेषणांच्या क्रमाचंही बरेच जण विचारतात, आधी मत मग आकार मग वय मग रंग वगैरे, तो तक्ता सध्या राहू दे बाजूला. रोजच्या बोलण्यात एका नामाला चार-चार विशेषणं लावतंय कोण!