छोट्या नावेवर डिंगी ठेवायची कुठे? माझा अनुभव

विदर्भात आंभोऱ्याजवळ, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आमची १८ फुटी फायबरची नाव असते. हिवाळ्यात पक्षी पाहायला मी आणि चुलत भाऊ तिच्यावर जातो, कधी रात्रही पाण्यावरच काढतो. अडचण काठाची. बुडालेल्या शेतांवर पाणी उथळ, खाली गाळ, मधेच बाभळीची खोडं. मशीन लावलेली नाव लांबच थांबवावी लागते. ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा सोबत न्यावा, तर तो उचलून नावेवर घेणं दोघांचं काम नाही. म्हणून डिंगी, म्हणजे नावेवरून काठावर जायची छोटी होडी, आणली; हवा भरून फुगवायची, आठ फुटी, पीव्हीसी प्लास्टिकची. ती पाहून भाऊ म्हणाला, "उतराची सोय झाली, पण हे ठेवाचं कुठी?"

जवळ जायचं तर आम्ही ती मागे ओढतो. दोर आखूड ठेवला की नाव हळू होताच डिंगी येऊन मशीनवर आदळते. लांब सोडून नावेच्या लाटेमागे नीट बसवली की गुमान येते. दोर पाण्यावर तरंगणारा, पॉलिप्रॉपिलीनचा घेतला. नायलॉन बुडतो आणि मशीनच्या पंख्याकडे जायची भीती राहते. तरी नाव मागे घेताना एकाने दोर ओढून हातात धरायचाच. ओढत्या डिंगीत सामान ठेवायचं नाही. जलपर्णीच्या पट्ट्यात मात्र ओढणं सोडा, डिंगीपुढे नुसता ढीग गोळा होतो.

लांब जायचं असेल तर ती नावेवर, पुढच्या भागात, उलटी. सुलटी ठेवली की पाऊस आणि दव आत साठतं, शिवाय वारा तिला खालून उचलतो. उलट्या डिंगीलाही दोन्ही बाजूंनी बांधावंच लागतं. पण फुगवलेली असली की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही आणि नांगरापर्यंत हात पोचत नाही. यावर आमचा तोडगा म्हणजे पुढच्या कप्प्यातली हवा सोडून तेवढा भाग खाली दुमडणे. चढवताना आधी वल्ही काढायची, मग एकाने दोराने ओढायचं, दुसऱ्याने काठावर जुनी सतरंजी टाकून मागून रेटायचं. सतरंजी नसली की फायबरचा काठ डिंगीला घासतो.

खरी डोकेदुखी ऊन. कोकणातल्या लोकांना वारा आणि लाटा सांभाळाव्या लागतात, इथे आपल्याला सूर्य. सकाळी कडक भरलेली हवा दुपारी तापून फुगते आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून ऊन चढायच्या आत थोडी हवा सोडतो, सांज झाली की पंप मारतो. पीव्हीसी उन्हाने कडक पडून तडकतं. हायपालॉन हे कृत्रिम रबर जास्त टिकतं पण महाग, म्हणून आम्ही पांढऱ्या चादरीवर भागवतो. एप्रिल-मेमध्ये तर डिंगी पाण्यावर नेतच नाही.

पूर्ण हवा काढून गुंडाळणं सगळ्यात सुटसुटीत, पण रोज तेवढा पंप मारायचा कंटाळा येतो. वादळी हवा असली तरच आम्ही तसं करतो. गुंडाळण्याआधी तळ आणि फुग्याच्या फटीतली रेती धुऊन काढायची, ती आत राहिली तर घासून भोक पाडते. मग सावलीत वाळवून टाल्कम पावडर लावायची.

घरी मात्र कोठीत जमिनीवर ठेवता येत नाही. उंदीर! आम्ही बांबूवर गोधडी टाकून त्यावर डिंगी लोंबती ठेवतो. दोराने टांगली तर दोराखालीच घडी मोडते.